प्रवचनातलं मधलं पद

देवाधर्माच्या बाबतीत माणसाची स्मरणशक्ती फार सोयीनं चालते. तासभर ऐकलेलं प्रवचन देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत टिकत नाही. चपला सापडेपर्यंत निम्मं गेलेलं असतं, उरलेलं गाडी काढताना जातं. त्याच तासात गायलेलं एखादं पद मात्र दुपारी भांडी विसळताना, बँकेत पासबुक भरून घेण्याच्या रांगेत, कुणालाही न विचारता ओठांवर येतं. ही तक्रार माझी नाही, आमच्या शेजारच्या पाळकसाहेबांची आहे. ती करायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. उभा जन्म दर रविवारी एक, नाताळ-ईस्टरला जादा, आणि लग्ना-मयताला निराळं, असा त्यांनी बोलण्यात घालवला. आता जुन्या मंडळीतलं कुणी रस्त्यात भेटलं तर म्हणतं, “साहेब, तुम्ही असताना गाणी काय छान व्हायची!”

पाळकसाहेब मेथडिस्ट. निवृत्त झाल्यावर नाशकात आले, कारण नाशिकची हवा चांगली असा एक समज निवृत्त लोकांत अजून टिकून आहे. त्याआधी त्यांचा संसार सरकारी नोकरासारखा गावोगाव फिरला. मेथडिस्टांत पाळकाची बदली होते. वार्षिक कॉन्फरन्समध्ये बिशप नेमणुका वाचून दाखवतात, आणि ज्याचं नाव ज्या गावापुढं येईल त्यानं बिऱ्हाड बांधायचं. ही चाल पंथाचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांची. एकाच ठिकाणी वर्षभर प्रवचन करायची वेळ आली तर श्रोत्यांच्या बरोबरीनं आपणही झोपी जाऊ, अशी त्यांना प्रामाणिक भीती होती. स्वतःच्या वक्तृत्वाबद्दल इतकं निकोप मत असलेला धर्मसंस्थापक दुसरा आढळणं कठीण. ते स्वतः आयुष्यभर घोड्यावर होते; अडीच लाख मैल दौड झाली म्हणतात. आमच्या साहेबांची दौड टेम्पोतून झाली, आणि दर टेम्पोत सर्वांत शेवटी चढणारी आणि सर्वांत आधी उतरणारी वस्तू म्हणजे बाजाची पेटी.

त्यांच्या खोलीत गेलं की आपण कुणाच्या घरात आलो आहोत ते चटकन कळत नाही. बायबलच्या शेजारी ज्ञानेश्वरी, तिच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’, वरच्या फळीवर भीमसेन जोशींच्या अभंगांच्या कॅसेटी, त्याला टेकून हँडलचा ‘मसाया’. कॅसेट वाजवायचं यंत्र कधीच मोडलंय, पण कॅसेटी टाकायच्या कशा? आता सगळं फोनवर ऐकतात, आणि आवडलेलं पहाटे मला पाठवतात. बालगंधर्वांच्या पाठोपाठ कुठल्याशा इंग्लंडातल्या कॅथीड्रलची बालगायक मंडळी येते. दोहोंखाली साहेबांचा एकच शेरा असतो: “श्वास कुठं घेतला बघा.”

पण त्यांचा खरा छंद निराळा आहे. ते कीर्तनाला जातात.

भक्तीपोटी जातात असं म्हणता येणार नाही, टीका करायलाही नाही. पंचवटीत एखाद्या बुवांचं कीर्तन असलं की साहेब मागच्या भिंतीला टेकून बसतात आणि एक कारागीर दुसऱ्या कारागिराचं काम बघतो तसं बघतात. परत येताना रिक्षात हिशेब सुरू. बुवांनी पूर्वरंग लांबवला, पण श्रोते पेंगायच्या नेमक्या आधी साकी टाकली. निरूपण जड व्हायला लागलं की दिंडी. मग मध्यंतर! मध्यंतर हा साहेबांच्या मते मानवी प्रतिभेचा कळस आहे. सगळ्यांनी नामगजर करायचा, तेवढ्यात बुवांनी घोटभर पाणी प्यायचं, आणि कुणीतरी पुढं येऊन त्यांच्या गळ्यात हार घालायचा, बुक्का लावायचा. “निम्मंच बोलून झालंय, आणि हार!” साहेब म्हणतात. “आमच्याकडे पुरं बोलून झाल्यावर कुणी येतो आणि सांगतो, माईक नीट लागत नव्हता.”

वारकरी कीर्तनाबद्दल तर त्यांना उघड उघड मत्सर वाटतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. नाताळचे तारे घराघरांतून नुकते उतरलेले असतात, आणि दिंड्या नाशकातून पुढं सरकायला लागतात. साहेब मफलर गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभे राहतात. मुक्कामाच्या कीर्तनात बुवांच्या पाठीशी टाळकऱ्यांची रांग असते. बुवांच्या ओठातून चरणाचा पहिला शब्द सुटायचा अवकाश, पुढचं सगळं मागची मंडळी उचलतात. बोलणाऱ्याला विसरायला, दमायला, खोकायला मोकळीक! साहेबांना आठवतात ते चर्चमधले मागचे बाक. तिथं बसणारे लोक काही उचलत नाहीत. लवकर उठून जाता यावं म्हणून ते तिथं बसलेले असतात.

त्यांचा मूळ मुद्दा असा की आमच्या उपासनेत बोलणं वेगळं आणि गाणं वेगळं. गाणं झालं की लोक खाली बसतात. बसले की अंग सैल सोडतात. मग पाळकानं अर्धा तास एकट्यानं किल्ला लढवायचा, मधे एकही पद नाही. कीर्तनकाराला जीव गुदमरला की सुरात शिरायची सोय आहे. पाळकाला नाही. त्याला फार तर घसा खाकरता येतो.

गंमत अशी की मेथडिस्टांचा पंथच मुळात एका गाण्यानं सुरू झाला. निदान मी तरी तो तसा वाचला. जॉन वेस्ली तेव्हा ऑक्सफर्डचे विद्वान, इंग्लंडच्या चर्चचे दीक्षित धर्मोपदेशक, स्वभावानं काटेकोर, आणि समुद्राला भिणारे. जॉर्जियाच्या वसाहतीत धर्मकार्य करायला निघाले असताना जानेवारी १७३६ मध्ये जहाज वादळात सापडलं. लाट आली, मुख्य शीड फाटलं, पाणी खाली डेकांमधे शिरलं. इंग्रज मंडळींनी आकांत मांडला. जहाजावर मोरेव्हियन पंथाचे काही जर्मन होते. त्यांची नित्याची उपासना चालू होती आणि ते स्तोत्र गात होते. वादळ आलं तशी त्यांनी वर मान करून पाहिली, आणि पुढचं कडवं गायला घेतलं. नंतर वेस्लींनी एकाला विचारलं, भीती नाही वाटली? नाही म्हणाला. बायका-पोरांना? त्यांनाही नाही. ऑक्सफर्डच्या सगळ्या तर्कशास्त्रात याला उत्तर नव्हतं. वेस्लींच्या डोक्यातून ते गाणं पुढं कधी गेलं नाही.

जॉर्जियात त्यांनी लगोलग एक स्तोत्रांचं पुस्तक छापलं, १७३७ मध्ये, चार्ल्सटनला. आणि त्याच वर्षी सव्हानाच्या पंचांनी त्यांच्यावर जी आरोपांची यादी ठेवली तिच्यात मंजुरी नसलेली स्तोत्रं चर्चमधे घुसवल्याचाही आरोप होता. खरं कारण, एका तरुणीनं दुसऱ्याशी लग्न केल्यावर वेस्लींनी तिला प्रभुभोजन नाकारलं हे. पण गावकऱ्यांना राग आला की तो गाण्यापर्यंत जातोच. आपल्याकडे गणपती मंडळाच्या वर्गणीवरचं भांडण बघता बघता स्पीकरवर येतं, तसं. वेस्ली वर्षअखेरीला इंग्लंडला निघून आले.

पुढं मेथडिस्ट चळवळ उभी राहिली तेव्हा दोघा भावांत कामाची वाटणी आपोआप झाली. थोरले जॉन बोलायचे. धाकटे चार्ल्सही बोलायचे, पण त्यांचा हात सतत वहीकडे. सहा हजारांहून जास्त स्तोत्रं या माणसानं लिहिली. आपल्या तुकोबांच्या गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग. हा कारखाना त्याहून मोठा. घोड्यावर बसल्या बसल्या कडवी जुळायची, आणि कुणाच्या दारात उतरले की नमस्कार-चमत्काराच्या आधी कागद-शाई मागायचे. (यजमानीणबाईंचं काय होत असेल ते चरित्रकार लिहीत नाहीत.) आज जॉनची प्रवचनं धर्मशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेपुरती वाचतात. चार्ल्सची गाणी जगभर दर रविवारी लोक गातात, आणि ती कुणाची आहेत हे गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसतं. आमचे साहेब हा दाखला देतात आणि मग गप्प बसतात. ते स्वतः जॉनच्या बाजूचे.

तरी जॉनला गाण्याची पर्वा नव्हती असं नाही. फार होती, म्हणून तर १७६१ साली त्यांनी गाणाऱ्यांसाठी नियम काढले. ते पाळकसाहेबांनी एकदा मला मराठीत समजावून दिले. ऐकताना प्रत्येक नियमाला एक ओळखीचा चेहरा समोर येत गेला. सगळ्यांनी गायचं, थकवा आलाय ही सबब चालणार नाही. झोपेत असल्यासारखं, अर्धमेल्या आवाजात गायचं नाही. पूर्वी सैतानाची गाणी म्हणताना लाजला नव्हतात ना, मग आता कशाला लाजता? पण म्हणून ओरडायचंही नाही. आपला आवाज मंडळीच्या वर काढायचा नाही. चालीत आपल्या पदरचं काही घालायचं नाही. लयीच्या पुढं धावायचं नाही आणि मागंही रेंगाळायचं नाही, कारण आळशी माणसं रेंगाळत गातात आणि बघता बघता सगळ्यांना मागं खेचतात. आणि सगळं करून लक्ष देवाकडे. आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात हे नियम फळ्यावर लिहून लावावेत असा माझा विचार होता. ‘आपला आवाज मंडळीच्या वर काढायचा नाही’ हे कुणाला उद्देशून आहे ते लगेच कळलं असतं, म्हणून राहू दिला.

जॉन वेस्लींचं आणखी एक मत आहे आणि ते मला फार आवडतं. १७७९ मध्ये त्यांनी संगीताच्या सामर्थ्यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात त्यांनी युरोपातल्या त्या काळच्या थोर संगीतकारांना सरळ दोष दिला: तुम्ही सुरावट टाकून दिलीत आणि सुरांच्या गुंफणीमागं लागलात. चौघांनी एकाच वेळी चार वेगवेगळे शब्द म्हणायचे, यात मनाला भिडणार काय? सरळ, एकेरी, साधी चाल असावी, ती काळजात उतरते. ते प्राचीन ग्रीकांचे दाखले देतात. अठराव्या शतकातल्या इंग्लंडात, हँडलच्या मागोमाग, हे बोलणं म्हणजे तालमीत उभं राहून कुस्ती वाईट म्हणण्यासारखं होतं. पण बघा, हा गृहस्थ नकळत आपल्या बाजूला येऊन बसला आहे! एकच चाल, सगळे एका सुरात, शब्द प्रत्येकाला ऐकू येणारे. त्यांना इंग्रजी कॉयरपेक्षा टाळ-मृदंगावरचं भजन अधिक मानवलं असतं अशी माझी खात्री आहे. पाळकसाहेब म्हणतात, मानवलं असतं, पण पाच मिनिटांनी त्यांनी लय धरायचा नियम सांगितला असता.

घरच्यांनी मात्र जॉनकाकांचं ऐकलं नाही. चार्ल्सचे दोन्ही मुलगे लहानपणीच असामान्य वादक निघाले. लंडनच्या घरी त्यांचे कार्यक्रम व्हायचे. धाकटा सॅम्युएल पुढं बाखचा कट्टर भक्त झाला, म्हणजे काकांनी ज्याला नाव ठेवलं त्या गुंफणीच्या सम्राटाचा. त्याआधी १७८४ मध्ये तो काही काळ कॅथलिक झाला होता, तोही तिथल्या संगीताच्या ओढीनं, असं सांगतात. सहा हजार स्तोत्रं लिहून बापानं जी मंडळी बांधली, तिच्यातून पोरगा एका मिस्साच्या सुरावर बाहेर पडला. चार्ल्सला ते फार लागलं. पण याच सॅम्युएलला पुढं केंब्रिजच्या एका संग्रहात हँडलच्या हस्ताक्षरातल्या तीन चाली सापडल्या, बापाच्या स्तोत्रांना लावलेल्या, आणि त्यानं त्या १८२६ मध्ये छापल्या. बाप जाऊन तोवर अडतीस वर्षं झाली होती.

चालींचा हा प्रवास इतका वेडावाकडा असतो की त्यात धर्म शोधायला गेलं तर फजिती व्हायची. नाताळात आमच्या कॉलनीत कॅरोलवाली तरुण मंडळी येतात. त्यांच्या खास आवडीचं एक गाणं चार्ल्स वेस्लींचं, १७३९ सालचं. पहिली ओळ नंतर त्यांच्याच चळवळीतल्या व्हाइटफिल्डनं बदलली, म्हणजे मजकुरात कुणी हात घालू नये असं बजावणाऱ्या वेस्लींच्या घरातच हात घातला गेला. चाल मेंडेलसोनची. ती त्यानं १८४० मध्ये कशासाठी केली होती? छापखान्याच्या चारशेव्या वर्षाच्या उत्सवासाठी, गुटेनबर्गच्या गौरवार्थ. धार्मिक शब्दांना ही चाल चालायची नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं. १८५५ मध्ये कमिंग्ज नावाच्या एका ऑर्गनवादकानं दोन्ही जोडून टाकलं, आणि आता ती चाल ऐकली की दुसरं काही सुचत नाही. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदावर कंसात ‘चाल अमुक’ असं छापलेलं असतं. मराठी ख्रिस्ती पदांच्या पुस्तकांतही ते असायचं. इंग्रजांनी तो कंस काढून टाकला, एवढाच फरक.

आणि मराठी ख्रिस्ती पदांचं नाव निघालं की नाशिकला टाळून पुढं जाता येत नाही. नारायण वामन टिळक कोकणातले, १८६१ चा जन्म. आई गेल्यावर घर सोडून पोरवयात नाशकात आले, गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकले. लग्न झालं तेही नाशिकजवळच्या जलालपूरच्या मुलीशी. तिचं घर सोवळ्याच्या बाबतीत असं की वडील बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतल्यावर उरतं काय, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारायचा नाही. त्या घरातली मनू पुढं लक्ष्मीबाई टिळक झाली आणि तिनं ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. मराठीत इतकं निर्मळ हसणारं पुस्तक माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

टिळक मेथडिस्ट नव्हेत, अमेरिकन मराठी मिशनचे. पण पाळकसाहेब त्यांच्यापुढं पंथाच्या भिंती पाडतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत कुणा युरोपियन सहप्रवाशानं दिलेला नवा करार, १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, घरात हलकल्लोळ, बायको पाच वर्षं दूर: हा सगळा भाग साहेब भराभर सांगून टाकतात. त्यांना थांबायचं असतं ते पुढं. ख्रिस्ती झालेल्या टिळकांना चर्चमधे काय ऐकायला मिळालं? इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली मराठी. ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर, दीर्घ अक्षर चिरडलेलं, यमक कुठंतरी खिडकीबाहेर. कानावर लहानपणापासून आर्या, ओव्या आणि कीर्तनं पडलेला हा कवी. त्याच्या आधी नगरकडे कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी देशी चालींत पदं रचायला सुरुवात केली होती. टिळकांनी ते पुढं नेलं, आणि अभंग, पदं, भजनं यांची अशी झड लावली की आजही मराठी चर्चमधे ‘उपासना संगीत’ उघडलं की दर थोड्या पानांनी तेच भेटतात. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकायची रीत आहे. यांनी त्याच्यावरून जा-ये चालू ठेवली.

आणि त्यांनी कीर्तन चर्चमधे आणलं. पागोटं, उपरणं, झांजा, पेटी, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तसंच. आख्यान फक्त ख्रिस्ताचं. काही जुन्या मिशनऱ्यांच्या भुवया वर गेल्या, तर देवळाच्या बाजूच्या लोकांना वाटलं, आता हेही नेलं का! ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी मांडायला घेतलं आणि दहा-अकरा अध्यायांवर ते अपुरं राहिलं. १९१९ मध्ये टिळक गेले. मग मीठ धुणाऱ्या घरातल्या, शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे चौसष्ट अध्याय लिहिले. नवऱ्याचा अपुरा स्वेटर विणून पुरा करावा इतक्या सहज हे काम झालं असेल असं नाही, पण त्यांनी ते सांगितलं असतं मात्र त्याच सहजतेनं.

टिळकांनी कीर्तन इकडून तिकडं नेलं, आणि त्याच सुमाराला पेटी तिकडून इकडं येत होती. हार्मोनियम मूळचं फ्रेंच, देबँ नावाच्या पॅरिसच्या कारागिरानं १८४० च्या दशकात काढलेलं. पायानं भाता मारायची ही पेटी मिशनऱ्यांनी हिंदुस्थानात आणली, कारण खेड्यातल्या चर्चमधे ऑर्गन बसवायचा कुठून? कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी तिला हातानं मारायचा भाता जोडला, आणि खुर्चीवरचं वाद्य सतरंजीवर उतरलं. सतरंजीवर उतरलेली वस्तू आपल्याकडे परकी राहत नाही. तिनं भजनी मंडळ घेतलं, तमाशा घेतला, कव्वाली घेतली. तिचा थोरला भाऊ ऑर्गन गंधर्व नाटक मंडळीत जाऊन बसला. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला दार बंद केलं, हिच्यातून मींड निघत नाही, श्रुती हिला कळत नाहीत, ही परदेशी. तोवर नाशिकच्या एकाही भजनी मंडळाला आपण परदेशी वाद्य वाजवतोय याची कल्पना नव्हती, आणि बंदीचीही बहुधा लागली नाही.

एका गोष्टीचा मात्र साहेब थोडक्यात निकाल लावतात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतातल्या सहा पंथांची मिळून एक मंडळी झाली, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. नाशिकच्या शरणपूरचं जुनं अँग्लिकन चर्च तिच्यात गेलं. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी वर्षानुवर्षं बोलणी केली आणि अगदी शेवटच्या घटकेला, त्याच वर्षी, अंग काढून घेतलं. पुढं १९८१ मध्ये त्यांचं स्वायत्त मेथडिस्ट चर्च इन इंडिया झालं. कारणं काय? साहेब म्हणतात, कारणं पुष्कळ होती आणि त्यांतलं एकही गाण्याचं नव्हतं. पुस्तक तर सगळ्यांचं एकच आहे.

तर गेल्या पावसाळ्यापासून पाळकसाहेब एक कीर्तन लिहीत आहेत. आयुष्यभर जे मधलं पद मिळालं नाही ते आता स्वतःच घालून घ्यायचं. आख्यान उधळ्या पुत्राचं. धाकटा मुलगा बापाकडून वाटा मागून घेतो, परमुलखात उधळतो, दुष्काळात डुकरं राखतो, शेवटी पश्चात्ताप होऊन घरी येतो, आणि बाप त्याला लांबून पाहून धावत सुटतो. कीर्तनाला यापरतं आख्यान नाही. डुकरांच्या प्रसंगाला फटका, बाप धावतो तिथं कटाव. मेजवानीचा तपशील साहेबांनी श्रोते पाहून मोघम ठेवलाय, ‘पंगत’ एवढंच. प्रश्न होता साथीचा. तो मी सोडवला. आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका, गुरुवारी दत्ताची आरती सांभाळणारे, त्यांना घेऊन गेलो. काकांचा बायबलशी आजवर काही संबंध आलेला नाही, पण गोष्टीत बाप आहे, दोन भाऊ आहेत आणि वाटणी आहे म्हटल्यावर त्यांना ओळख करून द्यावी लागली नाही.

साहेबांनी सगळं आख्यान म्हणून दाखवलं. मुलगा आला, बापानं गळामिठी मारली, अंगरखा दिला, अंगठी दिली. “आणि इथं,” साहेब म्हणाले, “भैरवी.”

काकांनी भाता थांबवला. “थोरला कुठाय?”

“तो शेतावर होता. आला, पण बाहेरच उभा आहे. घरातलं गाणं-वाजवणं ऐकून रुसलाय. आत येत नाही.”

“म्हणजे पेटी आधीच लागलीय आत.”

“हो. बाप बाहेर येऊन समजूत घालतो.”

“मग येतो का आत?”

साहेबांनी चष्मा काढला. “ते लिहिलेलं नाही. तिथंच गोष्ट संपते.”

“मग भैरवी कशी घेणार?” काका म्हणाले. “एक भाऊ अंगणात, आणि तुम्ही आरतीला उभं राहणार? आधी त्याला आत घ्या.”

“मजकुरात नाही हो ते. मी माझ्या पदरचं कसं घालू?”

“पद घाला. त्याच्या तोंडचं. एवढी वर्षं राबला तो, त्याचं काही म्हणणं असेलच ना.”

साहेब बराच वेळ वहीकडे बघत राहिले. याच उताऱ्यावर आपण किती ठिकाणी किती वेळा बोललो, आणि थोरल्याला दरवेळी दोन वाक्यांत उरकलं, असं म्हणाले, आणि एकदम हसायला लागले. मग राग कोणता यावर दोघांचा वाद सुरू झाला. काकांचं म्हणणं, रुसलेल्या माणसाला जोगिया द्या. साहेब म्हणतात, तो रुसलेला नाही, तो हिशेबी आहे, त्याला एवढा कोवळा राग शोभायचा नाही. चहा झाला, पुन्हा चहा झाला. थोरला अजून अंगणातच आहे. गुरुवारी आरती आटोपल्यावर पुन्हा बसायचं ठरलंय, आणि काकांनी तबलजीलाही सांगून ठेवलंय.